लँडस्केपसाठी पहिली लेन्स कोणती? वाइड म्हणायच्या आधी थोडा इतिहास

ज्यांना हा भाग ऐकता आला नाही, किंवा लोकलच्या गर्दीत इयरफोन शोधण्यापेक्षा वाचणं सोपं वाटतं, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना जे 'अं… म्हणजे…' झालं ते काढून टाकलंय. बाकी बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

पावसाळा जवळ आला की आपल्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ताई, नवीन कॅमेरा घेतोय, सह्याद्रीत फिरतो, लँडस्केपसाठी पहिली लेन्स कुठली घेऊ?" आणि गंमत अशी की विचारणाऱ्याने उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं. पुढचं वाक्य असतं, "वाइडच घ्यायची ना?" माझ्याकडून फक्त 'हो' हवा असतो.

आता हे विचारणारे कोण? पहिली-दुसरी नोकरी, घरी थोडे पैसे द्यायचे, खोलीचं भाडं, आणि उरलेल्यातून हा छंद. चांगली अल्ट्रा-वाइड लेन्स म्हणजे अशा माणसाचे एक-दोन पगार. बरेचजण ती ईएमआयवर घेतात. म्हणजे पुढचं वर्षभर ट्रेकला जायच्या पैशातूनच लेन्सचा हप्ता जाणार. लेन्स आहे पण डोंगरावर जायला पैसे नाहीत, अशी अवस्था झालेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून मला हा प्रश्न हलका वाटत नाही.

मी काही लेन्सचे रिव्ह्यू करणारी नाही. माझा प्रांत इतिहास. आणि इतिहासाकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, कारण 'लँडस्केप लेन्स' हा शब्द कॅमेरा कंपन्यांनी काल काढलेला नाही. फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीपासून या नावाची एक लेन्स होती. तिचा आणि वाइडचा काहीएक संबंध नव्हता.

मसूर आणि चंद्रकोर

आधी शब्दच बघा. 'लेन्स' हा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ आहे मसूर. आपण आमटी करतो तोच मसूर. दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला बारीक. जुनी भिंगं दिसायला तशी होती म्हणून हे नाव पडलं.

फोटोचा शोध लागायच्या कितीतरी आधी चित्रकार एक डबा वापरायचे, कॅमेरा ऑब्स्क्युरा. अंधारा डबा, पुढे भिंग, आत कागदावर समोरच्या देखाव्याची उलटी प्रतिमा. ती पेन्सिलीने गिरवायची. पण मसुरासारख्या भिंगाची एक खोड होती. प्रतिमेचा मधला भाग स्वच्छ आणि कडेला सगळं लापशीसारखं. माणसाचं चित्र काढत असाल तर चालतं, चेहरा मध्येच असतो. देखाव्याला मात्र 'मध्य' असा नसतो. डाव्या कोपऱ्यातलं झाड, उजवीकडचं देऊळ, खालची वाट, सगळं मिळूनच देखावा होतो. लँडस्केपची लेन्सकडून पहिली मागणी ही होती: कडेपासून कडेपर्यंत नीट दाखव. 'खूप दाखव' ही मागणी नव्हतीच. या दोन वाक्यांतला फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा भाग त्यावर उभा आहे.

१८१२ साली विल्यम हाइड वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने यावर तोडगा काढला. पॅलेडियम आणि ऱ्होडियम ही मूलद्रव्यं शोधणारा तोच हा वोलास्टन. त्याने मसूर काढून चंद्रकोरीसारखं वळलेलं एकच भिंग बसवलं, पोकळ बाजू देखाव्याकडे करून. आणि त्याच्या पुढे थोड्या अंतरावर एक छोटं भोक ठेवलं. बस्स. ज्यांना चष्मा आहे त्यांना हे लगेच कळेल. चष्मा काढून लांबची पाटी वाचायची असेल तर आपण डोळे बारीक करतो ना? आत येणारे वाकडेतिकडे किरण कापले जातात आणि अक्षरं जरा स्वच्छ होतात. भोकाचं काम तेच. एक काच आणि एक भोक. लँडस्केप लेन्सचा मूळ पुरुष हा.

किंमत अर्थातच मोजावी लागली, ती उजेडात. भोक लहान म्हणजे आत येणारा प्रकाश कमी. पण देखावा कुठे पळून जाणार आहे? डोंगर थांबतो. हे लक्षात घेऊन केलेला तो सौदा होता.

याच वोलास्टनने आणखी एक यंत्र केलं होतं, कॅमेरा ल्युसिडा. काडीवर बसवलेला छोटा प्रिझम. त्यातून पाहिलं की देखावा कागदावर पडल्यासारखा दिसतो आणि तो गिरवायचा. १८३३ च्या ऑक्टोबरमध्ये हेन्री फॉक्स टॅलबट हा इंग्रज गृहस्थ बायकोबरोबर इटलीत कोमो तळ्याकाठी हे यंत्र घेऊन बसला होता. समोर जगातला सुंदर देखावा, आणि याच्या कागदावर काहीतरी भलतंच उमटतंय. हात चालेना. त्या वैतागातून त्याच्या डोक्यात आलं की ही प्रतिमा कागदावर आपली आपण उमटली तर? पुढे निगेटिव्हवरून कितीही प्रती काढायची पद्धत त्यानेच दिली. म्हणजे फोटोग्राफीच्या दोन-तीन जन्मदात्यांपैकी एकाची सुरुवात देखावा काढता येत नाही म्हणून झाली. चित्रकलेच्या तासाला मार खाल्लेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पहिल्या कॅमेऱ्यात कुठली लेन्स होती?

तिकडे पॅरिसमध्ये शव्हालिए नावाच्या बापलेकांचं भिंगांचं दुकान होतं. खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचा, आज जगातला सगळ्यात जुना शिल्लक असलेला कॅमेऱ्यातला फोटो काढणारा निएप्स त्यांचं गिऱ्हाईक. पडद्यावरची भव्य दृश्यं रंगवणारा दागेर हाही त्यांचं गिऱ्हाईक. दोघं एकाच खटाटोपात आहेत हे दोघांना कळलं ते या दुकानामुळे.

दुकानातल्या मुलाने, शार्लने, दुर्बिणीचं भिंग घेतलं. दोन वेगवेगळ्या काचा एकमेकींना चिकटवलेलं. एकाच काचेत रंग थोडे फाकतात, दोन काचांत ते पुष्कळसे एकत्र येतात. हे भिंग त्याने उलटं बसवलं आणि पुढे वोलास्टनसारखं भोक ठेवलं. झाली फ्रेंच लँडस्केप लेन्स. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली आणि बाजारात पहिला विकाऊ कॅमेरा आला, तेव्हा त्यावर हीच होती.

आता जरा आकडे. घाबरू नका, भागाकार एकच आहे. त्या लेन्सची फोकल लेंग्थ सुमारे ३८० मिमी. ऐकून वाटेल, अरे, ही तर टेलिफोटो! पण आतली पत्र्याची प्लेट मोठी होती, साधारण १६.५ बाय २१.५ सेंटिमीटर. प्लेटचा कर्ण काढा, येतो सुमारे २७० मिमी. आजच्या फुल-फ्रेम सेन्सरचा कर्ण ४३ मिमी. त्या हिशोबाने दागेरची लेन्स आजच्या भाषेत झाली सुमारे ६० मिमी.

साठ! वाइड राहिलं बाजूला, आपण ज्याला 'नॉर्मल' म्हणतो त्याहूनही किंचित आतली. जगातली पहिली बाजारात आलेली लँडस्केप लेन्स ही.

आणि अपर्चर? साधारण एफ/१५. पॅरिसच्या उन्हातसुद्धा काही मिनिटांचं एक्सपोजर. दागेरने १८३८ मध्ये खिडकीतून बुलेव्हार द्यु ताँप्ल हा रस्ता टिपला. तो फोटो नेटवर बघाच. भर वर्दळीचा रस्ता आणि पूर्ण ओसाड. घोडागाड्या, माणसं, सगळी चालत होती, म्हणून प्लेटवर उमटलीच नाहीत. फक्त एक माणूस बूट पॉलिश करून घ्यायला पाय वर ठेवून थांबला होता, तो राहिला. फोटोत आलेल्या पहिल्या माणसांपैकी तो एक, आणि त्याला ते कधी कळलंसुद्धा नसेल.

याच एका गोष्टीने लेन्सच्या जगात फाळणी झाली. माणसांना स्वतःचे फोटो हवे होते, आणि इतका वेळ मान न हलवता बसणार कोण? १८४० मध्ये व्हिएन्नातल्या योझेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकाने चार काचांची लेन्स कागदावर गणित करून काढली. आकडेमोडीला त्याला सैन्याच्या तोफखान्यातली माणसं दिली होती, कारण तेव्हा आकडेमोडीत तरबेज म्हणजे तोफा डागणारे. ही लेन्स सुमारे एफ/३.६ ची. शव्हालिएच्या लेन्सपेक्षा पंधरा-सतरा पट प्रकाश आत. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. फोहग्टलेंडर कंपनीने ती बनवली आणि पोर्ट्रेट स्टुडिओंचा सुकाळ झाला. पेट्झवालच्या हाती त्यातलं फार थोडं लागलं. पुढे त्याचं आणि कंपनीचं कडाक्याचं भांडण झालं ते वेगळंच.

पण पेट्झवालच्या लेन्सला कडा नव्हत्या. मध्ये चेहरा लखलखीत, बाजूला सगळं गरगरतंय. आज लोक त्या गरगरण्यासाठी मुद्दाम पैसे मोजतात. तेव्हा तो दोष होता. म्हणून फोटोग्राफरच्या पेटीत दोन लेन्स आल्या. एक पोर्ट्रेटची: महाग, मोठी, प्रकाश खाणारी. दुसरी लँडस्केपची: दोन काचा, छोटं भोक, हलकी, स्वस्त. लँडस्केप लेन्स ही पेटीतली गरीब लेन्स होती. आज नेमकं उलटं होऊन बसलंय, आणि ते कसं झालं हेच मला सांगायचंय.

आपल्याकडे

हे सगळं आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. म्हणजे ठाण्याला पहिली रेल्वे गेली त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईची माणसं भोकं आणि भिंगांवर चर्चा करत होती.

अजिंठ्याचा रॉबर्ट गिल तर तुम्हाला माहीतच असेल, पारोच्या गोष्टीमुळे. भित्तिचित्रांच्या नकला करायला आलेला हा चित्रकार वर्षानुवर्षं तिथे राहिला. त्याची बहुतेक तैलचित्रं लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेली असताना १८६६ च्या आगीत गेली. पण गिल मधल्या काळात कॅमेऱ्याकडेही वळला होता, आणि त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं १८६४ मध्ये लंडनमध्ये निघाली. चित्रं जळाली, फोटो राहिले.

लेणी म्हटली की जुन्या लँडस्केप लेन्सची दुसरी खोड सांगायला हवी. भोक लेन्सच्या पुढे असल्यामुळे कडेच्या सरळ रेषा बाहेर फुगायच्या, पिंपासारख्या. झाडाला, ढगाला, डोंगराला सरळ रेष नसतेच, त्यामुळे कुणाला पत्ता लागायचा नाही. खांब मात्र लगेच वाकलेला दिसतो. यावर १८६६ मध्ये उपाय आला. लंडनमध्ये डालमायर आणि म्युनिकमध्ये श्टाइनहाइल, दोघांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे, दोन सारखे भाग समोरासमोर ठेवून भोक मध्ये घेतलं. एका भागाची चूक दुसरा भाग खोडतो. रेषा सरळ झाल्या आणि प्रकाशही वाढला, एफ/८ च्या आसपास.

त्याच वर्षी सॅम्युअल बोर्न नावाचा, इंग्लंडमध्ये बँकेतली नोकरी सोडून आलेला माणूस हिमालयात मणिरंग खिंडीवर होता, साडेअठरा हजार फुटांवर. काचेच्या प्लेटा, रसायनं, तंबू, सगळं हमालांच्या पाठीवर. तेव्हाची पद्धत अशी होती की काचेवर ओलं द्रावण पसरायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा. आपण ट्रेकला ट्रायपॉड न्यायला कुरकुरतो, म्हणून सांगितलं. फोटो बोर्नच्या नावावर आहेत. ओझी ज्यांनी वर नेली त्या माणसांची नावं कुठल्याच फोटोखाली नाहीत.

मग वाइड कुठून आली?

वाइड लेन्स तेव्हाही होत्या, पण त्या वेगळ्या कामाच्या. अरुंद गल्लीतून चर्चचा अख्खा दर्शनी भाग घ्यायचाय, मागे सरकायला जागा नाही, तर वाइड. १८६० च्या दशकात अमेरिकेतली चेंडूसारखी दिसणारी ग्लोब, जर्मनीतली पँटोस्कोप, या त्या जातीच्या. देखाव्याला काही जण वापरायचेही, पण 'पहिली लेन्स' म्हणून नव्हे.

१९०० मध्ये गोएर्झ कंपनीने हायपरगॉन काढली आणि ती माझी लाडकी आहे. गोट्यांच्या सालींसारख्या दोन पातळ काचा. दिसणारा कोन सुमारे १३५ अंश. पण मधला भाग इतका उजळ आणि कोपरे इतके काळे यायचे की लेन्सच्या पुढे चांदणीच्या आकाराचा छोटा पंखा बसवला होता. फोटो चालू असताना रबरी फुग्याने हवा मारायची, पंखा गरगर फिरून मधला प्रकाश अडवणार, आणि शेवटी तो खाली पाडून उरलेलं एक्सपोजर पूर्ण करायचं. आज तुमच्या मोबाइलची अल्ट्रा-वाइड जवळपास तेवढंच दाखवते, आणि कोपऱ्यांचा काळोख सॉफ्टवेअर गुपचूप भरून काढतं. फुग्याचं काम चिपकडे गेलं.

त्याच १९०० साली कोडॅकने ब्राउनी हा पुठ्ठ्याचा डबा काढला, किंमत एक डॉलर. त्यात लेन्स कुठली? चंद्रकोरीसारखी एक काच आणि एक भोक. वोलास्टनचा जुना नुस्खा, आता पोराटोरांच्या हातात. १९१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा एक चौदा वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर योसेमिटीला गेला आणि त्याच्या हातात ब्राउनी देण्यात आला. त्या मुलाचं नाव ॲन्सेल ॲडम्स. लँडस्केप फोटोग्राफी म्हटलं की पहिलं नाव येतं, त्याची पहिली लेन्स ही होती.

ॲडम्सचे दोन फोटो घेऊ, कारण त्यांची माहिती त्याने स्वतः नीट लिहून ठेवली आहे.

पहिला, एप्रिल १९२७. वय पंचवीस. बर्फातून चढून मित्रांबरोबर हाफ डोमच्या समोरच्या कड्यावर. पाठीवर लाकडी कॅमेरा, बरोबर काचेच्या १२ प्लेटा. समोर आल्यावर शिल्लक दोनच. लेन्स टेसार पद्धतीची, सुमारे साडेआठ इंची, म्हणजे आपल्या हिशोबाने ३४ मिमीच्या आसपास. पिवळा फिल्टर लावून एक प्लेट घेतली. मग त्याला वाटलं, आकाश नुसतं पांढुरकं येणार, मला हा कडा जसा अंगावर येतोय तसा येणार नाही. उरलेल्या एका प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला. आकाश काळंभोर, कडा प्रचंड. 'मोनोलिथ' या नावाने तो फोटो प्रसिद्ध आहे. लेन्स तीच होती, उभं राहायची जागा तीच होती.

दुसरा, १९४१, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र. सूर्य मावळतोय, क्रॉसवरचा उजेड जाईल आता, आणि एक्सपोजर मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता पाठ होती म्हणून मनात हिशोब करून एफ/३२ ला एक सेकंद. लेन्स होती कुक कंपनीची, जिचे दोन भाग सुटे करून वापरता यायचे. त्याने त्यातला एकच, २३ इंची भाग वापरला. आपल्या भाषेत सुमारे ७८ मिमी.

३४ आणि ७८. यात १६ कुठेच नाही, १२ तर नाहीच.

आणि ज्या एफ/६४ या आकड्यावरून ॲडम्स, वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम यांच्या १९३२ च्या गटाचं नाव पडलं, त्याने हबकू नका. त्यांच्या आठ बाय दहा इंची फिल्मवरचा एफ/६४ म्हणजे खोलवर शार्प दिसण्याच्या बाबतीत फुल-फ्रेमवरचा साधारण एफ/८. एपीएस-सी कॅमेऱ्यावर तर एफ/५.६ च्या जवळ. तुमच्या किट लेन्सला हे सहज जमतं.

मग वाइडचं वेड? त्याची सुरुवातही एका डोंगरवेड्याकडून होते. जर्मनीत वेट्झलारला ऑस्कर बार्नाक नावाचा मेकॅनिक होता. त्याला दमा, आणि हौस डोंगरात फिरून देखावे टिपायची. जड प्लेट कॅमेरा पेलवेना. म्हणून त्याने सिनेमाची पट्टी आडवी वापरणारा छोटा कॅमेरा घडवला. तोच १९२५ मध्ये लायका म्हणून बाजारात आला. २४ बाय ३६ मिमीची फ्रेम, ज्याला आज आपण फुल-फ्रेम म्हणतो, ती त्या दम्याच्या डोंगरफिऱ्याची. त्यावर लेन्स ५० मिमी.

पुढे आरसा असलेले एसएलआर कॅमेरे आले. आरशाला हलायला जागा लागते, त्यामुळे वाइड लेन्स फिल्मच्या पुरेशी जवळ बसेना. १९५० मध्ये फ्रान्सच्या पिएर आन्झेनियोने रेट्रोफोकस नावाची ३५ मिमी लेन्स काढली, आरशापासून लांब राहूनही वाइड दाखवणारी. दार उघडलं. मग २८, २४, २० अशा लेन्स आल्या, मासिकांत पुढचा दगड मोठा आणि मागे लांबवर डोंगर अशा फोटोंची फॅशन आली. आज ज्याला आपण 'लँडस्केप लुक' म्हणतो तो हा. सत्तरेक वर्षांचा. त्यात वाईट काही नाही, पण तो एक प्रकार आहे, व्याख्या नव्हे.

आता पैशाचं बोलू

शाळेत आपण सगळ्यांनी एकच देखावा काढलाय. दोन डोंगर, मध्ये भला मोठा सूर्य, खाली नदी, बाजूला नारळ. तो सूर्य आठवा, आणि हिशोब करा. २४ मिमी लेन्सने सूर्य फोटोच्या रुंदीच्या दीडशेव्या भागाहूनही लहान येतो. टिकलीच्या टिकलीएवढा. २०० मिमीने तो रुंदीच्या विसाव्या भागाएवढा येतो. तुमच्या लहानपणच्या मनाला हवा असलेला देखावा टेलिफोटोचा होता! कळसूबाईवरून अलंग, मदन, कुलंग तुम्हाला भव्य दिसतात, आणि फोटोत मुंगीएवढे येतात, त्याचं कारण हेच. वाइड लेन्स लांबचा डोंगर लहान करते. जवळ काही दमदार असेल तरच ती कामाची. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठावर उभं राहून तो अख्खा अर्धगोल घ्यायचाय, तर हो, वाइडला पर्याय नाही.

पण ती वाइड तुमच्याकडे आहे. खिशात. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमीच्या तोडीचा असतो, आणि दुसरी अल्ट्रा-वाइड १३-१४ च्या आसपास. उन्हातल्या देखाव्याला, इन्स्टाच्या आकाराला तो पुरतो. मग पहिली लेन्स म्हणून तेच पुन्हा विकत घ्यायचं?

आता कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ बघा, जिला सगळे नाकं मुरडतात. एपीएस-सी कॅमेऱ्याचा दीडपटीचा हिशोब लावला, तर ॲडम्सची ३४ म्हणजे तिच्यावर २३. दागेरची ६० म्हणजे ४०. हर्नांडेझचा चंद्र म्हणजे ५२. तिन्ही त्या प्लास्टिकच्या लेन्समध्ये बसतात. तिची अडचण एकच, अपर्चर मोठं नाही. पण लँडस्केपला मोठं अपर्चर लागत नाही, हे वोलास्टनपासून ठरलेलंय. एफ/८, ट्रायपॉड, आणि थांबायची तयारी.

तर माझा सल्ला असा. कॅमेऱ्याबरोबर १८-५५ मिळत असेल तर तीच पहिली लेन्स. फक्त बॉडी घेतली असेल तर वापरलेली १८-५५ शोधा, किंवा ३५ मिमीची एखादी साधी प्राइम. दुसरी लेन्स घ्यायची वेळ आली तर ५५-२५० नाहीतर ७०-३०० सारखी, म्हणजे फोनला जे जमत नाही ते. अल्ट्रा-वाइड तिसरी. वाचलेल्या पैशात बऱ्यापैकी जड ट्रायपॉड घ्या, आणि उरलेले एसटीच्या तिकिटाला ठेवा. एकाच गडावर एकदा गेलेल्या माणसापेक्षा पाच वेळा गेलेल्याचे फोटो चांगले असतात, मग हातात काही का असेना.

वापरलेली घेताना एकच गोष्ट न चुकता करा. दोन्ही टोपणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ती पसरते. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवा. डबा डाळीचा असला तरी चालेल, नावाला साजेसंच होईल.

आणि काही विकत घ्यायच्या आधी हे करून बघा. गॅलरी उघडा, स्वतःचे आवडते वीस देखावे निवडा आणि प्रत्येकाच्या 'डिटेल्स'मध्ये फोकल लेंग्थ किती आहे ते कागदावर लिहा. फोनचे फोटो असतील तर किती फोटोंत झूम केलंय किंवा नंतर क्रॉप केलंय तेही लिहा. निम्म्याहून जास्त फोटो तुम्ही आतून कापलेले निघाले, तर तुम्हाला वाइड नकोय. खरंच कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून काढलेले फोटो जास्त निघाले, तर मला खुशाल खोटं पाडा आणि वाइड घ्या. कागदाचा फोटो पाठवा मात्र. व्हॉइस नोट पाठवणार असाल तर एका मिनिटाच्या आत आटपा, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती.